मिशनचा हापसा

आमच्या आज्जीच्या हिशेबात साल नसायचं. 'मिलोच्या वर्षी', 'हापसा आला तव्हा', अशी तिची कालगणना. मिलोचं वर्ष म्हणजे 1972. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली होती आणि तिची भाकर जनावरंसुद्धा हुंगून सोडायची म्हणे.

गाव जालन्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पाणी बारवेचं. लोक पायऱ्या उतरून त्याच पाण्यात पाय बुडवत, घागरी भरत, आणि वर्षभरानं कुणाच्या तरी घोट्याजवळ फोड येऊन नारूचं तोंड बाहेर पडे. काडीला गुंडाळून तो रोज बोटभर ओढायचा. तुटला की पाय सुजून माणूस महिना-दोन महिने खाटेवर, तेही पेरणीच्या तोंडाला. "नारूनं मेलं कुनी नाही, पन सावकाराच्या दारात लई जण गेले," असं आज्जी म्हणे. गरिबीचं इतकं नेमकं कारण मला पुढं कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

बारवेत सगळ्यांना उतरता येत नसे. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या बायका वर घागरी घेऊन बसायच्या, कुणी ओतलं तर ओतलं. आज्जी ओतणाऱ्यांतली होती, आणि घाईच्या दिवशी न ओतणाऱ्यांतलीही. हे तिनंच सांगितलं.

जालन्यात स्कॉटिश मिशन जुनं. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले, पुढं जालन्याला आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल नावाची वसाहत वसवली. तिथं आले ते बहुतेक मांग-महार समाजातले. त्यामुळं आमच्या गल्लीत मिशनबद्दल कायम एक अढी. दवाखान्यात जायचं, पण त्यांच्या प्रार्थनेच्या आसपास फिरकायचं नाही. वसईकडं विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या गोष्टी आमच्याकडंही पोचलेल्या. मग याच लोकांच्या हातचं पाणी प्यायचं कसं?

पण तहानेपुढं अढी किती टिकणार. साठच्या दशकात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जालन्यातल्या माणसांनी हवेच्या दाबावर चालणारं बोअरचं यंत्र आणलं होतं. काळ्या पाषाणात सुरुंग लावून विहीर खणायला दोन-दोन उन्हाळे जात. हे यंत्र एक-दोन दिवसांत शंभर-दीडशे फूट खाली जाई. आईचे मामा त्या गाडीवर मदतनीस होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणं आमच्या गावात पाणाड्यानं मारुतीसमोरची जागा दाखवली आणि तिथं नुसता भुगा उडाला. दुसरं भोक पाडलं ते गावठाण आणि वस्तीच्या मधल्या पडीक तुकड्यात, नि तिथं पाणी लागलं. त्यावर हापसा बसला. पहिले आठ दिवस गावातल्या बायका तिकडं गेल्या नाहीत. नवव्या दिवशी रांग लागली. रांगेत भांडणं झाली, ती मात्र नंबरावरून. "धर्माचं काही सांगायचे का हो?" मी मामांना विचारलं. ते हसले. "कवा सांगनार? पुढल्या गावची बैलगाडी न्यायला येऊन उभी असायची!"

हापसा मात्र टिकेना. तेव्हाचे बिडाचे पंप परदेशातल्या एकेका शेतकरी कुटुंबासाठी बेतलेले, आणि इथं त्यावर पहाटेपासून अख्खं गाव लोंबकळायचं. देशभर चारांतले जवळपास तीन पंप बंद असल्याचं सत्तरच्या दशकात युनिसेफच्या ध्यानात आलं. त्याआधीच जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी पंपाची खटपट सुरू झाली होती. सोलापुरात स्वीडिश मिशनच्या विहीर-केंद्रातल्या ऑस्कर कार्लसन या मेकॅनिकनं दांड्याला बेअरिंग आणि साखळी लावून पंप असा सुधारला, की आतली सळई सरळ वरखाली व्हावी. दिसायला ओबडधोबड, पण मोडायला अवघड. या सोलापूर पंपावरूनच युनिसेफ आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यानं 'इंडिया मार्क टू' बेतला. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो उभा आहे. त्याच्या नावात ना मिशन आहे, ना देणगीदार. मिशनच्या साऱ्या कामांत मला हेच सर्वांत मोठं वाटतं, मग बेथेलबद्दल कुणाचं काही मत असो.

नारू गेला तो एकट्या हापशानं नव्हे. बारवा बुजवल्या, पाणी गाळून प्यायची सवय लावली, सरकारी माणसं दारोदार फिरली, आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. आज्जीच्या लेखी श्रेय मात्र हापशाचंच. तिचे रोजचे दोन-तीन तास वाचले, ते तिनं खुरपणीच्या रोजंदारीत घातले आणि त्यातून शेळी घेतली.

बोअरच्या याच यंत्रांच्या थोरल्या भावंडांनी पुढं मोसंबीच्या बागांसाठी जालना जिल्ह्याची चाळण केली. हापशाला संक्रांतीनंतरच हवा लागू लागली. 2012 च्या दुष्काळात बागा जळाल्या, लोकांनी उभी झाडं तोडली. त्याचा दोष मिशनच्या माथी मारता येणार नाही. पण दोन दिवसांत पाणी निघतं ही सवय आम्हाला त्याच गाडीनं लावली, असं मामा म्हणतात, आणि ते मला खोडता आलेलं नाही.