खुराड्यांतलें औषध



घरच्या खुराड्यांतील कोंबड्यांना काय चारावें, हा प्रश्न गृहिणीचा अथवा शेतकऱ्याचा. इतिहासाचा त्याच्याशीं संबंध काय, असें कोणासही वाटेल. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापासून याच प्रश्नानें जगांतील वैद्यांना चिंतेंत टाकलें आहे. ती कथा कशी घडली, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

सन १९२८ त लंडन येथें अलेक्झांडर फ्लेमिंग यांस पेनिसिलिनचा शोध लागला. हें औषध सर्रास वापरांत येण्यापूर्वींच, १९४० सालीं, एब्रहॅम व चेन या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, कांहीं जंतु पेनिसिलिनचा नाश करणारें द्रव्य स्वतःच निर्माण करितात. १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत खुद्द फ्लेमिंग यांनींही इशारा दिला कीं, औषध अपुऱ्या प्रमाणांत घेतलें तर जंतु मरावयाचे नाहींत, उलट त्यास सरावतील. म्हणजे शत्रूचें बळ प्रथमपासूनच ठाऊक होतें.

असें असतां पुढें काय झालें? अमेरिकेंत लेडर्ली प्रयोगशाळेंतील ज्यूक्स व स्टोकस्टॅड हे दोघे कोंबडीच्या पिलांसाठीं जीवनसत्त्वयुक्त स्वस्त खाद्य शोधीत होते. ऑरिओमायसिन हें औषध तयार केल्यावर उरणारा चोथा त्यांनीं पिलांस चारून पाहिला, तों पिलें अपेक्षेहून अधिक झपाट्यानें वाढलीं. चोथ्यांत राहिलेल्या औषधाच्या अंशाचा तो प्रभाव होता. १९५० सालीं ही वार्ता प्रसिद्ध झाली, आणि १९५१ त अमेरिकन सरकारनें पशुवैद्याच्या चिठ्ठीवांचून अशीं औषधें खाद्यांत मिसळण्यास परवानगी दिली. मांस व अंडीं स्वस्त हवीं होतीं. तेव्हां हा शोध अनेकांस वरदानच वाटला.

परंतु रोजच्या अल्प मात्रेनें दुबळे जंतु तेवढे मरतात. चिवट जंतु उरतात व त्यांचाच वंश वाढतो. शिवाय १९५९ च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, ही प्रतिकारशक्ति एका जातीचा जंतु दुसऱ्या जातीच्या जंतूसही देऊं शकतो. मग गोठा आणि घर यांमधील भिंत ती काय कामाची? ब्रिटनमध्यें स्वान समितीनें १९६९ सालीं, उपचारास लागणारीं औषधें केवळ वाढीसाठीं जनावरांस चारूं नयेत, अशी शिफारस केली.

ही शंका निराधार नव्हती, याचा पुरावा १९७६ सालीं पुढें आला. बॉस्टनजवळच्या एका शेतावर स्टुअर्ट लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कोंबड्यांस टेट्रासायक्लिनमिश्रित खाद्य दिलें. एका आठवड्यांत कोंबड्यांच्या आंतड्यांतील जवळजवळ सर्व जंतु त्या औषधास दाद देईनासे झाले. पुढें शेतावरील ११ माणसांपैकीं ७ जणांच्या पोटांतील जंतूंतही तोच पालट एकाहून अधिक वेळां आढळला. २४ शेजाऱ्यांपैकीं मात्र केवळ ३ जणांत. हे जंतु इतरही अनेक औषधांस जुमानीत नव्हते.

स्वीडननें १९८६ त व युरोपीय संघानें २००६ पासून वाढीसाठीं अशीं औषधें चारण्याची प्रथा बंद केली. २०१५ सालीं चीनमधील डुकरांच्या जंतूंत, कोलिस्टिन या अखेरच्या आधाराच्या औषधास निष्प्रभ करणारें व एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारें जनुक सांपडल्याचें जाहीर झालें. २०१९ सालीं भारत सरकारनें अन्नासाठीं पाळलेल्या पशुपक्ष्यांकरितां कोलिस्टिनच्या विक्रीस मनाई केली.

आजारी जनावरास औषध देऊं नये, असें कोणी म्हणत नाहीं. चार कोंबड्या व एक शेळी एवढ्यावर ज्याचा संसार चालतो, त्याच्या दृष्टीनें तीं वांचणें अगत्याचें आहे. प्रश्न आहे तो निरोगी जनावरास औषध चारण्याचा व आजारी जनावरास अर्धीमुर्धी मात्रा देण्याचा. पशुवैद्य दूर असतो, दुकान जवळ असतें. म्हणून ही संवय पडते. परंतु त्या दुकानांतील पुडी आणि आपल्या मुलाच्या उशाशीं ठेवलेलें औषध हीं पुष्कळदां एकाच कुळांतलीं असतात. एकाची उधळपट्टी झाली कीं दुसरें ऐन गरजेच्या वेळीं निकामी ठरतें, हाच या इतिहासाचा बोध आहे.