न्यायाधीशास एक विनंती
इ. स. ४११ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील हिप्पो परिसरात डोनाटसपंथीयांनी रेस्टिट्यूटस या धर्मगुरूचा खून केला. इनोसंटियस या दुसऱ्या धर्मगुरूचा डोळा काढला, बोट छाटले. अपराध्यांनी कबुली दिली. तेव्हा बिशप ऑगस्टीन यांनी शाही अधिकारी मार्सेलिनस यांना पत्राने विनविले की, त्यांचा प्राण घेऊ नये, अवयवही तोडू नयेत. त्यांना उपयुक्त श्रमास लावावे. दंडच नको, असे ऑगस्टीन म्हणाले नाहीत. किंबहुना या पंथाविरुद्ध राजसत्तेने केलेल्या सक्तीचे त्यांनी समर्थनच केले, हेही आम्हांस लपविता येत नाही. तथापि दंड आणि सूड यांतील भेद त्यांनी राखला. पीडितांच्या घरी जाणाऱ्या आम्हां सेवकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी: त्या पत्रातील दयेची मागणी न्यायाधीशाकडे होती, जखमी इनोसंटियसकडे नव्हे.