क्लच, आयडलिंग आणि उस्तादांचा कान

बदलापूरचा उड्डाणपूल संध्याकाळी जाम असतो. हेंद्रेपाड्याला परतताना त्या चढावर माझी सेकंडहँड छोटी गाडी दोनदा बंद पडली. आरपीएमचा काटा उभ्या गाडीतच वरखाली व्हायचा आणि क्लच सोडला की इंजिन गप्प. मागे हॉर्न सुरू. शेजारी बसलेले अब्बा म्हणाले, "क्लच कुठे पकडतो ते पायाने ओळख. आणि आयडलिंग उस्तादला दाखव."

अब्बांनी आयुष्यभर मुंबईत टॅक्सी चालवली. मला या दोन वेगळ्या तक्रारी वाटत होत्या, त्यांना एकच.

क्लच दाबलेला असतो तेव्हा क्लचप्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलपासून सुटी असते. पेडल वर येऊ लागलं की ती घासत टेकते. त्या क्षणी इंजिन उभ्या गाडीचं ओझं पहिल्यांदा अंगावर घेतं. आयडलिंग भक्कम असेल तर ते हा धक्का पचवतं, डळमळीत असेल तर बंद पडतं.

हे आयडलिंग एकेकाळी हाताने बांधलं जायचं. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या आणि पुढे पद्मिनी ही मुंबईची काळी-पिवळी झाली. त्या गाड्यांत कार्ब्युरेटर होता. मिस्त्री त्याचे स्क्रू थोडे थोडे फिरवत हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवायचा, तेही कानाने. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची चावी दिली गेली. 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. चार सिलिंडरला सरावलेल्या कानांना नवा आवाज शिकावा लागला.

2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. आता क्लच पकडताच आरपीएम घसरला, तर कॉम्प्युटर स्वतःच हवा वाढवून इंजिन सावरतो. स्क्रू गेला, स्कॅनर आला. शाळा अर्धवट सोडून गॅरेजात शिकलेल्या कितीतरी उस्तादांचं कौशल्य एका पिढीत जुनं ठरलं.

पण पूर्ण नाही. माझ्या गाडीत स्कॅनरला काही सापडलं नव्हतं. उस्तादांनी बॉनेट उघडून कान लावला. एका व्हॅक्यूम पाइपला बारीक चीर होती, तिथून सूं आवाज येत होता. मोजणीत न आलेली हवा आत शिरत होती, म्हणून काटा नाचत होता. त्यांनी पाइप बदलला, काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी साफ केली, क्लचच्या केबलला थोडी ढील दिली. प्लेट झिजत आलीय, हेही लपवलं नाही.

आपल्याकडे मोटारीचा इतिहास कारखानदार आणि पुढाऱ्यांपाशी थांबतो. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला निरोप दिला गेला, तेव्हा गाडीचं कौतुक झालं. तिला इतकी वर्षं चालती ठेवणाऱ्या हातांची आठवण क्वचितच निघाली. त्या हातांत आपल्या समाजातले हात पुष्कळ होते. मुस्लिमांत पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणारे जास्त, हे सच्चर समितीने 2006 मध्ये आकड्यांनी दाखवलं. इतिहासात आपल्याला जागा नाही अशी तक्रार आपण करतो, आणि स्वतः लिहायला बसलो की सुलतान आणि किल्ले यांच्यापुढे जात नाही. गॅरेजातल्या चाचांना कुणी विचारलं का, हे काम तुम्ही कुणाकडून शिकलात?

दुसऱ्या दिवशी पुलाच्या चढावर हँडब्रेक ओढून पेडल हळू सोडलं. काटा किंचित खाली आला, पुन्हा सावरला. गाडीने नाक जरासं उचललं, मी ब्रेक सोडला. अब्बा काहीच बोलले नाहीत.

येत्या जुम्म्याच्या नमाजनंतर वही घेऊन उस्तादांकडे जाणार आहे. तुमच्या मोहल्ल्यातही असा एखादा उस्ताद असेल. त्याला विचारा, लिहून ठेवा.