पत्र्याच्या पेटीतलं लायसन

मागच्या शनिवारी काष्टीला घरी होतो. शनिवार म्हणजे आमच्याकडे जनावरांचा बाजार, त्यामुळे सकाळपासून दौंड-नगर रस्त्यावर टेम्पोंची ही गर्दी. आप्पा (म्हणजे माझे वडील) बाजारात गेले होते आणि मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन त्यांच्या फोनचं ऑपरेशन करत बसलो होतो.

फोन सहा वर्षांचा. काच शाबूत, बॅटरी दीड वर्षापूर्वीच बदललेली, पण कंपनीने त्याचे अपडेट बंद करून तीन वर्षं झाली. फोन रांगायला लागला होता. नवीन घ्यायचा तर दहा-बारा हजार. म्हटलं, आपण इंजिनियर आहोत, यात लिनिएजओएस टाकू. ही अँड्रॉइडच्या खुल्या कोडवर स्वयंसेवकांनी चालवलेली सिस्टिम आहे. सायनोजेनमॉड नावाचा जुना प्रकल्प डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडला आणि त्यातून ही उभी राहिली. पण ती टाकायची तर आधी फोनचं कुलूप, म्हणजे बूटलोडर, उघडायला लागतं. त्यासाठी कंपनीच्या साइटवर अर्ज करायचा, मग आठवडाभर थांबायचं. (आपलाच फोन, आपल्याच पैशाचा, आणि अर्ज कंपनीकडे!) तो सोपस्कार मी पुण्यातूनच उरकला होता.

दुपारपर्यंत फोन एकदम टकाटक. सिक्युरिटी पॅच चालू महिन्याचा. आप्पा बाजारातून आले, हात-पाय धुतले, आणि सवयीने दुधाचं पेमेंट जमा झालं का बघायला बँकेचं ॲप उघडलं. ॲप म्हणालं, हे उपकरण सुरक्षित नाही. आणि बंद झालं.

मी आप्पांना समजावून सांगायला लागलो की फोनची सिस्टिम बदललेली आहे हे ॲपला कळतं, मग ते चालत नाही, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, फोन आपलाच हाय ना? मंग त्याला इचारायचं कशाला?"

मला उत्तर सुचेना. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "तात्यांच्या रेडूचं बी असंच व्हतं. लायसन लागायचं." आणि आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून आजोबांचं एक लहानसं पुस्तक घेऊन आले. आत पोस्टाचे शिक्के आणि फीची तिकिटं, दर वर्षाचं एकेक पान.

तर मंडळी, आजची पोस्ट त्या पुस्तकावर. उरलेला शनिवार आणि अख्खा रविवार मी यातच घालवला.

*

आपल्याकडे रेडिओ ऐकायला लायसन लागायचं हे माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. मलाही ऐकीव माहिती होती. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, तेव्हा रेडिओ बाळगायची फी वर्षाला १० रुपये होती आणि त्यातला ८० टक्के वाटा कंपनीला मिळायचा. फी भरणारे इतके थोडे निघाले की १९३० मध्ये कंपनीच बसली. मग सरकारने प्रसारण हातात घेतलं आणि १९३३ मध्ये इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट आणला. या कायद्याचं मुख्य कलम वाचून मी चाट पडलो. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा! त्यावरून प्रक्षेपण करा किंवा करू नका, ते घरात असलं की पुरे. त्याच्या आधीचा १८८५ चा टेलिग्राफ कायदा होताच. तारायंत्र उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क फक्त सरकारचा, असं तो सांगायचा.

या कुलपाला तोडीस तोड उत्तर मुंबईनेच दिलं. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द झाले आणि त्यांना प्रक्षेपण यंत्रं जमा करायला सांगितलं गेलं. तरीही १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू केला. यंत्र जुळवून दिलं ते नरिमन प्रिंटर या रेडिओ तंत्रज्ञाने. जागा बदलत बदलत हे केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांचा छापा पडेपर्यंत चाललं. इतिहासाच्या पुस्तकात आपण हे देशभक्तीचं प्रकरण म्हणून वाचतो आणि ते आहेच. पण माझ्यासारख्याला त्यात अजून एक गोष्ट दिसते. यंत्र उघडता येत होतं, सुटे भाग जोडून नवं करता येत होतं, म्हणून ते शक्य झालं. कुलूप कायद्यात होतं, यंत्रात नव्हतं.

स्वातंत्र्य आलं तरी लायसन राहिलं. आप्पा सांगतात, तपासणीस येतोय अशी कुणकुण लागली की गावातले काही रेडिओ धान्याच्या कणगीत जायचे :) शेवटी १९८० च्या दशकात ही भानगड संपली. आजोबांच्या पुस्तकातली पुढची पानं कोरीच आहेत.

*

टेलिफोनची गोष्ट तर आणखी मजेदार. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्ये सुरू झालं, म्हणजे फोन आपल्याकडे उशिरा आला असं म्हणता येत नाही. पण पुढे कित्येक दशकं फोन खात्याचा असायचा. तो काळा जड डबा खात्याचा, वायर खात्याची. बिघडला तर स्क्रू पिळायचा नाही, लाइनमनची वाट बघायची. त्या काळात 'ओन युवर टेलिफोन' नावाची एक योजना होती. आगाऊ रक्कम भरली की नंबर लवकर लागायचा. नाव 'ओन', पण लाइन शेवटपर्यंत खात्याचीच!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत सरकारी खातं नव्हतं, एटी अँड टी ही खाजगी कंपनी होती, पण कुलूप तसंच. कंपनीचं नसलेलं काहीही फोनला जोडायचं नाही. हश-ए-फोन नावाचा एक साधा कप मिळायचा, बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाजवळ लावायचा. कंपनीने त्यालाही विरोध केला, आणि ते प्रकरण १९५६ मध्ये कोर्टात कंपनीच्या विरोधात गेलं. मग टेक्सासमधल्या थॉमस कार्टर यांनी दूरवर काम करणाऱ्या माणसाचा वायरलेस संच टेलिफोनशी जोडणारं 'कार्टरफोन' यंत्र काढलं. कंपनीने पुन्हा हरकत घेतली. १९६८ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने निकाल दिला की नेटवर्कला अपाय होत नसेल तर ग्राहक आपलं यंत्र जोडू शकतो. आन्सरिंग मशीन, फॅक्स, मोडेम यांचा बाजार मोकळा झाला तो या निकालामुळे. म्हणजे ज्या इंटरनेटवर माझी रोजीरोटी चालते, त्याच्या मुळाशी 'फोनला काय जोडायचं ते मी ठरवीन' असं म्हणणारा एक माणूस आहे.

आपल्याकडे कुलूप ढिलं व्हायला १९८४ उजाडलं. त्या वर्षी टेलिफोनसारखी ग्राहकाच्या घरात लागणारी उपकरणं बनवायला खाजगी कंपन्यांना मुभा मिळाली, आणि ऑगस्टमध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मला जास्त आवडतं ते त्यांचं १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज. परदेशी एक्स्चेंजला एसी खोली लागायची, हे आपल्या उन्हात आणि धुळीत एसीशिवाय चालायचं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. शिवाय सी-डॉटने तंत्रज्ञान एकाच कारखान्याला न देता अनेक उत्पादकांना दिलं. गावोगावचे पिवळे पीसीओ बोर्ड ज्यांनी पाहिलेत त्यांना त्याचं मोल सांगायला नको.

*

मोबाइल आला १९९५ मध्ये. जीएसएम फोनमध्ये सिम वेगळं आणि फोन वेगळा. आज यात काही वाटत नाही, पण फोन कंपनीच्या हातून सुटला तो या नखाएवढ्या तुकड्यामुळे. उलट २००२ च्या डिसेंबरअखेर रिलायन्सची सीडीएमए सेवा आली, त्यात हँडसेट आणि कंपनी यांची गाठ पक्की. फोन स्वस्तात हातात पडला, पण दुसऱ्या कंपनीकडे जायचं तर तो डबा. स्वस्ताई आणि कुलूप हे जोडपं आपल्याकडे वारंवार दिसतं. २०१७ च्या जिओफोनमध्येही १५०० रुपये अनामत घेऊन फोन मिळायचा, सिम मात्र जिओचंच चालायचं.

आता थोडं मराठीबद्दल, कारण इथे मला खरंच पोटतिडीक आहे. २०१० च्या आसपास बहुतेक फोनवर मराठी म्हणजे नुसते चौकोन दिसायचे. तेव्हा लोक काय करायचे? ओपेरा मिनी ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी 'ओपेरा:कॉन्फिग' टाइप करायचं आणि अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फाँट वापरण्याचा पर्याय 'येस' करायचा. मराठी दिसायला लागायचं! अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या फोनवर तर काही जण फोन रूट करून देवनागरी फाँट आत बसवायचे. अँड्रॉइडच्या मेनूत अधिकृत मराठी आली ती २०१४ च्या ५.० आवृत्तीत. तोपर्यंत ज्यांनी फोनवर मराठी वाचलं, त्यांच्यातल्या कित्येकांनी ते कंपनीला न विचारता केलेल्या खटपटीने वाचलं. आजच्यासारखे फोन तेव्हा पक्के बंद असते, तर आपण कंपनीच्या मर्जीची वाट बघत बसलो असतो.

*

आता आजचं कुलूप. ते कायद्याच्या पुस्तकात नाही, चिपमध्ये आहे. फोन सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची सही तपासतो. सही कंपनीची नसेल तर तशी खूण राहते. बँकेचं ॲप गुगलच्या सेवेला विचारतं, हा फोन मूळ अवस्थेत आहे का? उत्तर नाही आलं की दार बंद.

यामागे कारण आहे हेही सांगायला पाहिजे. व्हॉट्सॲपवर वाहनाच्या दंडाची पावती किंवा सरकारी योजनेच्या नावाने खोटी एपीके फाइल येते, माणूस ती टाकतो आणि खातं रिकामं होतं. हे आपल्याच भागात घडतंय आणि त्यात जाणारा पैसा कष्टाचा असतो. त्यामुळे बँकेला भीती वाटते ती खोटी नाही. पण मग मला सांगा, तीन वर्षं अपडेट न मिळालेला, भोकं पडलेला जुना अँड्रॉइड होता तेव्हा हेच ॲप सुखाने चालत होतं. चालू महिन्याचा पॅच टाकल्यावर ते बंद पडलं. म्हणजे तपासणी सुरक्षिततेची नव्हती, सहीची होती.

आणि दार अजून आवळत चाललंय. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायचं तर, ते प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलं तरी, बनवणाऱ्याने आपली ओळख नोंदवलेली असली पाहिजे. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये चार देशांत, २०२७ पासून बाकी जगात. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू असंही सांगितलं. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला होता. तीन तरुणांच्या तक्रारीवरून हे प्रकरण सुरू झालं होतं! मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले, आणि त्यात बाहेरून ॲप टाकायला आडकाठी करू नये हा निर्देशही गेला. त्या बातमीत तेव्हा दंडाचा आकडा मोठा छापून आला. माझ्या मते खरी बातमी हा निर्देश जाण्याची होती.

सरकारचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच टाकून द्या असा आदेश निघाला. गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला तो मागे घेतला गेला. मला यात एक आशेची गोष्ट दिसते. आदेश कागदावर होता म्हणून त्यावर ओरडता आलं. १९३३ आणि १८८५ चे कायदे रद्द करण्याची तरतूदसुद्धा २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आली. आजोबांच्या लायसनच्या विरोधात निदान खासदाराला पत्र लिहिता येत होतं. चिपमधल्या सहीच्या विरोधात अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा?

मग पर्याय काय? मी सगळे चाळले. ग्राफीनओएस उत्तम, पण ज्या महागड्या फोनांवर चालतं त्यांच्या किमतीत एखादी बरी कालवड येईल. उबुंटू टच २०१७ मध्ये मूळ कंपनीने सोडलं, नंतर हौशी लोकांनी जिवंत ठेवलंय, पण त्यावर आप्पांना आपल्या बँकेचं ॲप मिळायचं नाही. आयआयटी मद्रासशी संबंधित भारओएसचा जानेवारी २०२३ मध्ये मोठा गाजावाजा झाला, काष्टीच्या दुकानात मात्र तो दिसला नाही. सगळ्यात कामाचा पर्याय निघाला तो जुनाच. साध्या बटणाच्या फोनवरही मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, आणि *९९# त्याच्याही आधीपासून आहे. पैशाचे व्यवहार ॲपशिवाय होऊ शकतात, फक्त ते कुणी सांगत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. कंपनीने फोन बंद ठेवायचा तर ठेवावा, पण ज्या दिवशी अपडेट थांबवाल त्या दिवशी किल्ली मालकाला द्या. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलंय. त्या हक्कात स्क्रीन-बॅटरीबरोबर ही किल्लीही यायला हवी.

रविवारी संध्याकाळी निघायच्या आधी आप्पांचं सिम बटणाच्या फोनमध्ये टाकलं आणि *९९# लावून शिल्लक दाखवली. दुधाचे पैसे आले होते. जुना फोन त्यांनी ठेवून घेतलाय, गाणी आणि बातम्या ऐकायला. शनिवारी त्यांनी बाजारात एक गाय विकली होती. निघताना म्हणाले, "गाय इकली तवा कासरा बी त्याच्या हातात दिला. तुझ्या फोनवाल्यानं कासरा ठिवूनच घेतला की!"

लायसनचं पुस्तक मी पुण्याला घेऊन आलोय.