अपुऱ्या मेमरीचा इतिहास : मँचेस्टरच्या ‘अ‍ॅटलास’पासून घरच्या रखडलेल्या संगणकापर्यंत

१/ घरातला जुना संगणक एकाएकी रखडू लागतो. ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब उघडे असतात, माउसचा बाण जागीच खिळतो आणि डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत राहतो. ‘आता नवाच घ्यावा’ असे घरात ठरते. पुष्कळदा हा निर्णय घाईचा असतो. या दुखण्याचे निदान १९६८ सालीच झाले आहे आणि उपायही तेव्हाच सांगितला गेला आहे. त्याची ही कहाणी.

२/ मेमरीची टंचाई संगणकाइतकीच जुनी आहे. २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर विद्यापीठातील ‘बेबी’ या प्रायोगिक यंत्राने स्वतःच्या मेमरीत साठवलेला प्रोग्राम चालवून दाखवला. तो लिहिला होता टॉम किलबर्न यांनी. यंत्राची सारी मेमरी १,०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीने तेवढ्या जागेत मराठीची जेमतेम ४२ चिन्हे मावतील!

३/ पुढे मेमरी वाढली, पण भूकही वाढली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या ‘टिफ्रॅक’ची कोअर मेमरी २,०४८ शब्दांची होती. एक शब्द ४० बिटांचा. म्हणजे एकूण १० किलोबाइट. चुंबकीय कड्यांची ही मेमरी जलद, पण महाग. त्या काळातील अनेक यंत्रांत जोडीला फिरता चुंबकीय ड्रम असे. तो स्वस्त आणि ऐसपैस, पण संथ. मोठ्या प्रोग्रामचे तुकडे पाडून कोणता तुकडा ड्रमवरून केव्हा आणायचा, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागे. हे काम अत्यंत किचकट होते.

४/ या जाचातून सुटका केली ‘अ‍ॅटलास’ने. किलबर्न यांचा चमू आणि फेरांटी कंपनी यांनी उभारलेले हे यंत्र ७ डिसेंबर १९६२ रोजी मँचेस्टरमध्ये कार्यान्वित झाले. कोअर मेमरी १६,३८४ शब्द, ड्रमवर ९८,३०४ शब्द. परंतु प्रोग्रामला हे सारे एकसंध दिसे. मेमरीची ५१२ शब्दांची ‘पाने’ केलेली होती. हवे ते पान कोअरमध्ये नसेल, तर यंत्र स्वतःच ते ड्रमवरून आणी आणि त्याच्यासाठी दुसरे एखादे पान बाहेर पाठवी. पुढे हीच कल्पना ‘आभासी मेमरी’ म्हणून रूढ झाली.

५/ बाहेर कोणते पान पाठवायचे? पाने आजवर कशी वापरली गेली हे पाहून, नजीकच्या काळात ज्याची गरज पडणार नाही असे पान यंत्र निवडत असे. अंदाज बरोबर आला तर वापरणाऱ्याला काही जाणवत नसे. मात्र चुकला तर त्याची किंमत जबर होती. आजच्या मापाने पाहू. रॅममधून माहिती आणायला एक सेकंद लागतो असे धरले, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून तीच माहिती आणायला एका दिवसाहूनही अधिक वेळ लागेल.

६/ १९६०च्या दशकात एकाच यंत्रावर अनेक प्रोग्राम एकत्र चालू लागले आणि एक विचित्र अनुभव येऊ लागला. यंत्र सुरळीत चालू असे. त्यात आणखी एकच प्रोग्राम घेतला की वेग थोडाथोडका घटण्याऐवजी सगळेच कोलमडून पडे. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणत. मराठीत तिला तडफड म्हणता येईल.

७/ अमेरिकेतील पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या तडफडीची मीमांसा केली. प्रत्येक प्रोग्रामला कोणत्याही क्षणी काही ठरावीक पाने हाताशी लागतात. हा त्याचा ‘वर्किंग सेट’. अशा सर्व संचांची बेरीज मेमरीपेक्षा मोठी झाली की एक प्रोग्राम दुसऱ्याचे नुकतेच आणलेले पान हुसकावतो आणि दुसरा तिसऱ्याचे. सारा वेळ पानांच्या ने-आणीत जातो आणि प्रोसेसर बिचारा रिकामा बसतो.

८/ त्यावरचा उपाय सरळ होता : नव्या प्रोग्रामचा वर्किंग सेट मावेल एवढी जागा होईपर्यंत त्याला आत घेऊच नये. म्हणजे एक तर गर्दी कमी करा, नाही तर जागा वाढवा.

९/ १९८५ साली इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये पानांची ही व्यवस्था आली आणि १९९०च्या विंडोज ३.०ने तिचा उपयोग केला. अ‍ॅटलासची युक्ती घरोघरी पोहोचली. सोबत ती तडफडही आली. विंडोज ९५ला किमान ४ मेगाबाइट मेमरी पुरेल असे सांगितले जाई, मात्र शिफारस ८ची होती.

१०/ रॅम तेव्हा महाग होती. ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाचा प्रोग्राम मेमरी दुप्पट करण्याचे आश्वासन देत बाजारात आला आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. जाणकारांनी तो उलगडून पाहिला, तेव्हा मेमरीची माहिती तो मुळी दाबून बसवतच नव्हता असे आढळले. १९९६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीच्या दाव्यांवर कारवाई केली.

११/ आता आपल्या संगणकाकडे वळू. तो रखडलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी काठोकाठ भरलेली आणि डिस्कही सतत १०० टक्क्यांच्या आसपास दिसली, तर बहुधा डेनिंग यांनी वर्णिलेलीच तडफड चालू आहे. मेमरी मोकळी असेल, तर दुखणे वेगळे आहे; रॅमवर पैसे घालवू नका.

१२/ उपाय त्याच क्रमाने करा. आधी गर्दी कमी करा : संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करा, टॅब आवरा. मग जागा वाढवा : रॅमची आणखी एक पट्टी बसते का ते पाहा. डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ची पट्टी बसत नाही, आणि कित्येक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर पानांची ने-आण थांबत नाही, पण पुष्कळ जलद होते.

१३/ ‘एका क्लिकमध्ये रॅम मोकळी’ करणारे प्रोग्राम टाळा. ते पाने मेमरीबाहेर ढकलतात. आकडा सुधारलेला दिसतो आणि पुढच्याच क्षणी ती पाने परत आणावी लागतात. सॉफ्टरॅमच्या ग्राहकांनी हा धडा पैसे मोजून घेतला. आपण तो इतिहासाकडून फुकट घेऊ शकतो, आणि कदाचित एक चांगला संगणक भंगारात जाण्यापासून वाचवूही शकतो.