शालेय कर्जरोखे, कॅलिफोर्नियातील

शाळांच्या इमारती बांधण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी व सुसज्ज करण्यासाठी स्थानिक मतदारांच्या संमतीने काढलेले दीर्घ मुदतीचे कर्ज. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सरकारी शाळा चालवणारा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ हा नगरपालिकेहून वेगळा, स्वतःचे निवडून आलेले मंडळ असलेला घटक असतो. मंडळ ठराव करते, मतदार कौल देतात, रोखे बाजारात विकले जातात आणि मुद्दल व व्याज त्या हद्दीतील मालमत्तांवर जादा कर बसवून फेडले जाते. मतपत्रिकेवर प्रस्तावाची ओळख पंचाहत्तर शब्दांत करून द्यावी लागते. रक्कम किती, कामे कोणती, कराचा दर काय, दरवर्षी किती वसूल होणार आणि किती वर्षे, हे सारे त्यातच बसवायचे. त्याखाली दोनच पर्याय असतात : ‘बाँड्स – यस’ आणि ‘बाँड्स – नो’.

अशा कर्जाला दोन तृतीयांश मतांची अट १८७९ च्या राज्यघटनेपासून होती. १९३३ च्या लाँग बीच भूकंपात अनेक शाळा जमीनदोस्त झाल्या. शाळा सुटल्यानंतर धक्का बसला म्हणून मोठी प्राणहानी टळली. त्याच वर्षीच्या फील्ड कायद्याने शालेय बांधकामाचे निकष कडक केले आणि साहजिकच खर्चही वाढला. पुढे ६ जून १९७८ रोजी राज्यभरच्या मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन १३’ या प्रस्तावाने मालमत्ता कर करपात्र मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला, त्या मूल्याची वार्षिक वाढ दोन टक्क्यांत बांधली आणि नव्या रोख्यांसाठी जादा कर बसवण्याची वाटही बंद केली. ती १९८६ मध्ये पुन्हा उघडली, पण जुन्या दोन तृतीयांशाच्या अटीसह. तोवर मुलांची संख्या वाढून बसली होती. लॉस एंजेलिसमध्ये खेळाच्या मैदानांवर तात्पुरत्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या. अतिगर्दीच्या शाळांत मुलांच्या तुकड्या पाडून वर्षभर आळीपाळीने शाळा भरवली जाई. एका मुलाच्या वाट्याला १८० ऐवजी १६३ दिवस येत आणि उणीव रोजची वेळ वाढवून भरून काढली जाई.

नोव्हेंबर २००० मध्ये मंजूर झालेल्या प्रपोझिशन ३९ ने ही अट ५५ टक्क्यांवर आणली. हा बदल योग्य होता, पण त्याचे बळ आकड्यापेक्षा सोबतच्या अटींत आहे. याचा चांगला पुरावा त्याच वर्षी मार्चमध्ये मिळाला होता. साध्या बहुमताची मागणी करणारे प्रपोझिशन २६ तेव्हा थोडक्यात पडले. आठ महिन्यांनी मतदारांनी अट सैल केली, ती अधिक कडक हमी घेऊन. कामांची यादी आधीच जाहीर करायची, हा पैसा शिक्षकांच्या वा प्रशासकांच्या पगारावर खर्च करायचा नाही, दरवर्षी आर्थिक व कामगिरीचे लेखापरीक्षण करायचे आणि नागरिकांची देखरेख समिती नेमायची. समितीवर करदात्यांच्या, व्यावसायिकांच्या व ज्येष्ठांच्या संघटनांचे प्रतिनिधी हवेत, डिस्ट्रिक्टचा नोकर किंवा ठेकेदार चालत नाही. पूरक कायद्याने कराच्या अंदाजालाही मर्यादा घातली. बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या एकसंध डिस्ट्रिक्टमध्ये एका निवडणुकीतील रोख्यांसाठी करपात्र मूल्याच्या दर लाख डॉलरमागे वर्षाला ६० डॉलर, म्हणजे सहा लाखांच्या घराला ३६० डॉलर.

आक्षेप असा की, कर मालक भरतो आणि मत मात्र भाडेकरूही देतो. मग मालकाच्या संरक्षणासाठी दोन तृतीयांशच हवे. पण भाड्याच्या घराचा करही बऱ्याच अंशी भाड्यातूनच निघतो, आणि जुन्या अटीत साठ टक्क्यांची इच्छा चाळीस टक्क्यांपुढे हरत असे. मत आणि कर यांची खरी फारकत दुसरीकडे आहे. फ्रीमाँटसारख्या गावात, जिथे २०१४ मध्ये ६५ कोटी डॉलरच्या शालेय रोख्यांचा ‘मेझर ई’ हा स्थानिक प्रस्ताव मंजूर झाला, घर घेतलेली पण नागरिकत्व न मिळालेली अनेक भारतीय कुटुंबे आहेत, त्यांत मराठीही आहेत. ती हा कर भरतात, मत देऊ शकत नाहीत. त्यांची मुले त्याच वर्गांत बसतात हे खरे, तरी निर्णयात त्यांना वाटा नाही ही उणीव टक्केवारी चढवून वा उतरवून भरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हे ओझे पुढच्या पिढीवर जाते. चाळीस-पन्नास वर्षे टिकणाऱ्या इमारतीचा खर्च तिचा उपयोग करणाऱ्यांत वाटला जाण्यात गैर काही नाही. गैर आहे ते फेड लांबवण्यात. सॅन दिएगो परगण्यातील पोवे डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये सुमारे साडेदहा कोटी डॉलर असे उचलले की, फेड २०३३ पर्यंत सुरूच होणार नव्हती आणि एकूण परतफेड ९८ कोटींच्या घरात जाणार होती. कराचा दर न वाढवण्याचे वचन पाळण्यासाठी व्याज साचू दिले गेले. देखरेख समितीच्या हाती हे थांबवण्याचा अधिकार नव्हता. ती फक्त लोकांना सांगू शकते. २०१३ च्या कायद्याने परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर आणि अशा साचत्या व्याजाच्या रोख्यांची मुदत पंचवीस वर्षांवर आणली. म्हणजे दोष ५५ टक्क्यांचा नव्हता, जी अट घालायची राहून गेली होती तिचा होता.

एका बाबतीत मात्र कितीही अटी घातल्या तरी पुऱ्या पडत नाहीत. कर्जाची कमाल मर्यादाच एकूण करपात्र मूल्याशी बांधलेली आहे : २०२४ पर्यंत ती एकसंध डिस्ट्रिक्टला अडीच टक्के, केवळ प्राथमिक वा केवळ माध्यमिक असेल तर सव्वा टक्का होती. महागड्या घरांच्या गावाला लहानशा दरात प्रयोगशाळा मिळते; शेतमजुरांच्या वस्तीने एकमुखाने ‘यस’ म्हटले, मर्यादेपर्यंत कर्ज काढले, तरी छपराची दुरुस्ती जेमतेम होते. राज्याचे अनुदान सहसा स्थानिक वाट्याला जोडून मिळते, त्यामुळे ज्याच्याकडे आधीच पैसा आहे तो रांगेत पुढे राहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या, दहा अब्ज डॉलरच्या प्रपोझिशन २ ने दुबळ्या डिस्ट्रिक्टसाठी राज्याचा वाटा नव्या बांधकामात ५० वरून ५५ टक्क्यांपर्यंत आणि नूतनीकरणात ६० वरून ६५ टक्क्यांपर्यंत वाढवण्याची तरतूद केली आहे. दरीच्या मानाने ही पाच टक्क्यांची वाढ फारच थोडी आहे.