हेडफोन आणि विवर्धक : मुंबई उपनगरांतील एका जुळणीचा इतिहास

हेडफोनच्या गुणदोषांविषयी दिलेला निवाडा एकट्या हेडफोनचा नसतो. ज्या यंत्रातून त्याला विद्युत संकेत मिळतो त्या यंत्राचाही तो असतो, आणि मुंबईच्या उपनगरांत ध्वनिश्रवणाची साधने ज्या क्रमाने आली तो क्रम पाहिला असता ही गोष्ट दर टप्प्यावर निराळ्या कारणाने पुढे आलेली दिसते.

बॉम्बे रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये मुंबईत पहिले प्रक्षेपण केले आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याच्या दीड किलोवॉटच्या प्रक्षेपकाचा पल्ला सुमारे ४८ किलोमीटर असल्याने त्या काळी महापालिकेच्या हद्दीबाहेर असलेली अंधेरी, घाटकोपर, बोरिवली आणि मुलुंड ही गावे त्याच्या टप्प्यात येत होती. तेव्हाचे सर्वांत स्वस्त ग्रहणयंत्र म्हणजे क्रिस्टल सेट. गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या खड्याला बारीक तारेचे टोक टेकवून रेडिओलहरींतून ध्वनीचा संकेत वेगळा काढणाऱ्या या यंत्राला ना बॅटरी लागे, ना विवर्धक, म्हणजे क्षीण संकेताला बळ देणारे मंडल. उंच बांधलेल्या तारेने हवेतून जेवढी ऊर्जा गोळा केली तेवढ्यावरच हेडफोनला बोलावे लागे. म्हणून त्याच्या वेटोळ्यात केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो फेरे असत आणि त्याचा रोध २,००० ते ४,००० ओहमपर्यंत जाई. प्रत्यावर्ती प्रवाहाला मंडलाकडून होणाऱ्या एकूण विरोधाला संरोध म्हणतात, व तोही ओहममध्येच मोजतात. अगदी कमी रोधाचा टेलिफोनचा श्रवणी याच सेटला जोडला तर जेमतेम ऐकू येई, कारण खड्याचा स्वतःचा संरोध मोठा असल्याने बहुतेक ऊर्जा आतच खर्ची पडे. रेडिओच्या इतिहासात सेटच्या कर्त्यांना मान मिळतो, पण इतके बारीक वेटोळे गुंडाळणाऱ्या कारागिरीची दखल फारशी घेतली जात नाही, हे न्याय्य नव्हे.

निर्वात नलिकांचे विवर्धक आले आणि घरोघरी ध्वनिक्षेपकाने हेडफोनची जागा घेतली. हेडफोन उरला तो मुख्यतः व्यावसायिकांच्या कानावर. मालाडला १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज आणि पुढे गोरेगावला फिल्मिस्तान उभे राहिले. चित्रीकरणाच्या जागीच संवाद मुद्रित करण्याच्या त्या काळात, बॉम्बे टॉकीजच्या सावक वाचांसारख्या ध्वनिमुद्रकांच्या व्यवसायात, नको असलेला आवाज मुद्रणात शिरतो आहे का हे हेडफोननेच पारखता येत असे. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्राने दूरध्वनीच्या तारांवरून घेतलेले संरोधाचे ६०० ओहमचे प्रमाण दीर्घकाळ जपले.

जुलै १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन बाजारात आला आणि हे गणित उलटले. दोन पेन्सिल सेलांच्या ३ व्होल्टांवर चालणाऱ्या यंत्राला मोठ्या संरोधाच्या हेडफोनमधून पुरेशी शक्ती काढता येत नाही, म्हणून सुमारे ३२ ओहमचे हलके हेडफोन रूढ झाले. एक व्होल्ट दाबाने ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॉट शक्ती मिळते, तर ३०० ओहमच्या हेडफोनला केवळ ३.३ मिलिवॉट, हा फरक सुमारे १० डेसिबलचा आहे. अर्थात हेडफोनची संवेदनक्षमता, म्हणजे ठरावीक शक्तीतून किती मोठा ध्वनी निघतो हे मानही, लक्षात घ्यावे लागते.

विवर्धकाच्या बाजूने विचार केला तर त्याच्या निर्गमाचा, म्हणजे संकेत बाहेर पडतो त्या टोकाचा, संरोध हेडफोनच्या संरोधाच्या आठव्या हिश्शाहून अधिक नसावा, असा व्यवहारातील दंडक आहे. सेनहायझरच्या एचडी ६०० या हेडफोनचा नाममात्र संरोध ३०० ओहम असला तरी खर्ज भागात तो ५०० ओहमच्या आसपास चढतो. त्यामुळे १२० ओहम निर्गमाच्या विवर्धकावर त्याचा खर्ज सुमारे एक डेसिबलने वाढतो, आणि ऐकणारा तो वाढीव भारदस्तपणा हेडफोनचा स्वभाव समजून बसतो. याहून फसवा असतो तो आवाजाच्या पातळीतील फरक, कारण किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला भासतो.

बिनतारी हेडफोनमध्ये विवर्धक आतच बसवलेला असल्याने ही जुळणी कारखान्यातच पूर्ण होते आणि घेणाऱ्याला तीत फारसा वाव उरत नाही. तारेच्या हेडफोनांची तुलना करताना मात्र हेडफोन-विवर्धकाच्या दोन्ही जोड्यांचा आवाज मापकाने समान केल्यावाचून दिलेला कोणताही निवाडा ग्राह्य धरू नये.